जहाजातली खोली डावीकडची की उजवीकडची? : वाचकांचे प्रश्न

मुंबईहून निघणाऱ्या प्रवासी जहाजांविषयी मागील अंकात माहिती दिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : खोली कोणत्या बाजूची घ्यावी? त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे. मी, माझी पत्नी, धाकटा भाऊ आणि भावजय असे चौघे जण डिसेंबरअखेर, कापसाची वेचणी बरीचशी आटोपली की, मुंबई–गोवा–मुंबई अशा जहाजाने जाण्याचे ठरवीत आहोत. एजंटचे म्हणणे असे की डाव्या बाजूच्या खोलीतून संपूर्ण कोकण किनारा दिसतो, म्हणून त्या बाजूला माणशी जास्त पैसे पडतील. आमच्यापैकी कोणीही आजवर समुद्रात गेलेले नाही. हे खरे मानावे काय?

उत्तर : एजंटने दिशा बरोबर सांगितली आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही.

जहाजाचे डावे-उजवे नेहमी त्याच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून ठरवतात, मग आपण कोणीकडेही तोंड करून उभे असलो तरी. डाव्या बाजूला पोर्ट आणि उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात. बुकिंगच्या कागदावर हेच शब्द आढळतील. मुंबईहून गोव्याला जाताना जहाजाचे तोंड दक्षिणेकडे असते, त्यामुळे पूर्वेची कोकणची जमीन डाव्या हाताला आणि मोकळा अरबी समुद्र उजव्या हाताला राहतो. परतीच्या वाटेवर हे सगळे उलटे होते. आपले तिकीट जाऊन-येऊन असल्यामुळे जमिनीची बाजू एका वाटेवर आपल्याला मिळेल आणि दुसऱ्या वाटेवर समोरच्या खोलीतल्या प्रवाशाला मिळेल. जास्तीचे पैसे घेणारा माणूस हा भाग सहसा सांगत नाही.

पण जमिनीची बाजू मिळाली म्हणजे जमीन दिसतेच असे नाही. ही जहाजे साधारणपणे संध्याकाळी निघतात, रात्रभर चालतात आणि सकाळी गोव्याला लागतात, म्हणजे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांचा किनारा बराचसा अंधारातच मागे पडतो. शिवाय मासेमारीच्या होड्या आणि जाळी टाळण्यासाठी मोठे जहाज किनाऱ्यापासून बरेच आत राहून जाते. समुद्राच्या पाण्यापासून २५ मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर दिसते. त्यापलीकडचा उंच डोंगर किंवा दीपगृहाचा प्रकाश दिसू शकतो, पण वाळूचा किनारा, माडांच्या रांगा आणि कौलारू घरे दिसणार नाहीत. सुरुवातीला खांदेरी बेटावरचे दीपगृह आणि अलिबागकडचे दिवे डावीकडे दिसतील. त्यानंतर बराच वेळ काळोख आणि मधूनमधून एखाद्या होडीचा दिवा, एवढेच. जाहिरातीच्या पुस्तिकेतला हिरवागार किनारा हा बहुधा किनाऱ्यावर उभे राहून टिपलेला असतो.

निघतानाची गोष्ट मात्र वेगळी आहे. जहाज सुटते ते बॅलार्ड पिअरहून, आणि हा धक्का मुंबईच्या पूर्व अंगाला, बंदराच्या आत आहे. तेथून दक्षिणेकडे बाहेर पडताना गेटवे ऑफ इंडिया, ताजमहाल हॉटेल आणि कुलाब्याचा भाग उजव्या हाताला असतो, तर घारापुरी आणि उरणची बाजू डाव्या हाताला राहते. म्हणजे मुंबई शहर पाहण्याचा पहिला तास हा उजव्या बाजूचा तास आहे आणि कुलाब्याचे टोक मागे पडल्यावर मावळता सूर्यही उजवीकडेच समुद्रात बुडतो. मुंबईत सूर्य यवतमाळपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे उशिरा मावळतो, तेव्हा गावाकडच्या अंदाजाने घाई करू नये. दुसऱ्या दिवशी गोव्याजवळ पोहोचताना उजाडलेले असेल, तर जमिनीवरून वर येणारा सूर्य डाव्या बाजूला दिसेल.

मग कोणती घ्यावी? दर सारखा असेल तर मी डावी सुचवीन, पण त्याचे कारण एजंटच्या कारणाहून निराळे आहे. जहाज सुटण्याच्या वेळी खोलीत कोणीच बसून राहत नाही. वरच्या डेकवर, म्हणजे उघड्या मजल्यावर, दोन्ही बाजू सर्वांना खुल्या असतात आणि मुंबई तेथूनच अधिक चांगली दिसते. खोलीच्या खिडकीचा खरा उपयोग पहाटे होतो, जेव्हा अंघोळीपूर्वी हातात चहाचा कप घेऊन बाहेर पाहावेसे वाटते, आणि जाताना त्या वेळी जमीन डावीकडे असते. एवढ्यासाठी चौघांचे मिळून काही हजार रुपये जास्त द्यावेत असे मला वाटत नाही. त्याऐवजी दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर, शेजारी-शेजारी आणि लिफ्टपासून फार दूर नसलेल्या मिळतील काय, याचा आग्रह धरावा. लांबलचक, एकसारख्या दिसणाऱ्या बोळांतून रात्री जेवून परतताना भाऊ-भावजयीची खोली शेजारी असणे हे किनाऱ्यावरच्या चार दिव्यांपेक्षा जास्त मोलाचे ठरते.

आणखी एक. मुरगाव बंदरात जहाज कोणत्या अंगाने धक्क्याला लावायचे हे त्या दिवशीचा वारा, मोकळी जागा आणि बंदराचा पायलट (जहाजाला बंदरात वाट दाखवणारा माणूस) यांवर ठरते. ज्या बाजूला धक्का येईल त्या बाजूच्या खिडकीतून दिवसभर क्रेन आणि मालाचे ढीग दिसतील, आणि याची हमी कोणीही आधी देऊ शकत नाही. दिवसभर आपण गोव्यात फिरणार असल्यामुळे त्याची खंत करण्याचे कारण नाही.

प्रश्न : वरुडजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहाराचा माल विकून झाला की जहाजाने जाण्याचा विचार आहे. अडचण अशी की आमच्या घरच्यांना गाडी फार लागते. चिखलदऱ्याच्या घाटात दोन वेळा गाडी थांबवावी लागते. जहाजाची कमी हलणारी बाजू कोणती?

उत्तर : अशी बाजू नसते. जहाज आडवे झुलते तेव्हा एक बाजू जितकी वर जाते तितकीच दुसरी खाली जाते आणि पुढच्या क्षणी उलट होते; त्यामुळे डाव्या आणि उजव्या खोलीतला त्रास सारखाच असतो. फरक पडतो तो लांबीने आणि उंचीने. लाटेवर जहाजाचे पुढचे टोक वर उचलले जाते आणि खाली आपटते तेव्हा मागचे टोकही त्याच्या उलट वर-खाली होते, पण मधला भाग जवळपास जागच्या जागी राहतो. त्याचप्रमाणे आडव्या झुलण्यात वरच्या मजल्यावरचा माणूस खालच्या मजल्यावरच्यापेक्षा जास्त अंतर हलतो. म्हणून घरच्यांसाठी जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या प्रवासी मजल्यावरची खोली मागावी. गंमत अशी की याच खोल्या पुष्कळदा स्वस्त असतात, कारण बहुतेकांना उंचावरून दिसणारा देखावा हवा असतो.

अगदी आतली, बिनखिडकीची खोली मात्र घेऊ नये. डोळ्यांना स्थिर भिंत दिसते आणि कानांतील तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते. या दोहोंचा मेळ न बसल्यामुळेच मळमळ होते. खिडकीतून क्षितिज दिसत राहिले तर बऱ्याच लोकांना आराम पडतो. मोठ्या जहाजांच्या पोटाशी दोन्ही अंगांना पाण्याखाली पंखांसारखे भाग असतात व ते झुलणे बरेच कमी करतात, त्यामुळे शांत समुद्रात घाटातल्या गाडीसारखा त्रास होण्याचे कारण नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र खवळलेला असतो. आंबियाचा माल निघून गेल्यानंतरचे, म्हणजे हिवाळ्याचे दिवस त्या मानाने पुष्कळ शांत असतात. गाडी लागू नये म्हणून दिली जाणारी गोळी प्रवास सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. तिने झोपही येते. घरच्यांना रक्तदाबाचे किंवा अन्य औषध सुरू असेल तर वरुडच्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी.

प्रश्न : आम्ही ब्रह्मपुरीकडचे लोक. उन्हाची आम्हांला सवय आहे, पण पैसे देऊन ऊन खाण्याची इच्छा नाही. बाल्कनीवर कोणत्या बाजूला ऊन कमी येते?

उत्तर : यवतमाळहून दुपारच्या एस.टी.ने अमरावतीला जाणारा माणूस न विचारता उजवीकडची खिडकी धरतो, कारण गाडीचे तोंड उत्तरेकडे आणि कलता सूर्य डावीकडे असतो. जहाजातही हाच हिशेब चालतो. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना दुपारनंतरचे ऊन उजव्या बाल्कनीवर येते आणि उत्तरेकडे परतताना डाव्या बाल्कनीवर. जहाज पश्चिमेकडे जात असेल तर हिवाळ्यात भर दुपारचे ऊनही डावीकडून लागते, कारण त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. खोल्या वातानुकूलित असल्यामुळे हा प्रश्न केवळ बाल्कनीत बसण्यापुरता आहे, आणि दुपारी तेथे बसणारे फार थोडे असतात. ज्यांना सूर्यास्त स्वतःच्या खुर्चीवरून पाहायचा आहे त्यांनी त्याच्या आधीचे दोन तासांचे ऊनही पत्करले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच बाल्कनीत येतात.

प्रश्न : मी मेहकरला राहते. मुलाने मोबाइलवरून बुकिंग करायला घेतले, तेव्हा खोल्यांचे नुसते आकडे समोर आले. सम आकडे डावीकडचे आणि विषम उजवीकडचे, असे कोणीतरी सांगितले. खरे काय? नकाशा पाहून बाजू कशी ओळखावी?

उत्तर : काही कंपन्यांत तसे असते आणि काहींत नेमके उलट असते. त्यामुळे आकड्यावर विसंबू नये. प्रत्येक मजल्याचा नकाशा, ज्याला डेक प्लॅन म्हणतात, उघडून पाहावा. नकाशात जहाजाचे निमुळते टोक म्हणजे पुढचा भाग. कागदावर ते वरच्या दिशेला असेल तर कागदाची डावी बाजू हीच जहाजाची डावी बाजू असते. ते उजव्या हाताला काढलेले असेल तर कागदावरची वरची कड डावी बाजू होते, आणि डाव्या हाताला असेल तर खालची कड. निमुळते टोक आपल्यासमोर, आपल्यापासून दूर येईल असा मोबाइल फिरवून धरला, की गोंधळ होत नाही.

नकाशा उघडलाच आहे तर बाजूपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी त्यातच पाहून घ्याव्यात. पहिली म्हणजे जीवरक्षक होड्या. या होड्या जहाजाच्या दोन्ही अंगांना ठरावीक मजल्याच्या उंचीवर टांगलेल्या असतात आणि त्यांच्यामागच्या खोल्यांच्या खिडकीतून समुद्राऐवजी होडीची नारिंगी पाठ दिसते. अशा खोल्या अडलेल्या देखाव्याच्या म्हणून कमी दरात विकल्या जातात. तसे स्पष्ट सांगून विकल्या तर त्यात गैर काही नाही, पण “समुद्राकडील खोली” एवढ्याच शब्दांवर समाधान मानू नये. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या खोलीच्या थेट वर आणि थेट खाली काय आहे. वर स्वयंपाकघर किंवा जेवणाचे दालन असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाचगाण्याचे दालन असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल ऐकू येतो. ज्या मजल्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत, त्या मजल्यावर झोप चांगली लागते.

सर्वांत स्वस्त दरात जी खोली मिळते तिचा क्रमांक पुष्कळदा कंपनीच नंतर ठरवते. त्या दराचे तिकीट घेतल्यावर बाजू, मजला आणि जागा यांपैकी काहीही मागण्याचा हक्क राहत नाही, हे मुलाला पैसे भरण्यापूर्वी सांगावे.

प्रश्न : अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमची धानाची शेती आहे. लेक आणि जावईबापू कॅनडात व्हँकुव्हरला असतात. पुढल्या वर्षी जून महिन्यात आम्हां दोघांना अलास्काच्या जहाजावर नेण्याचे त्यांच्या मनात आहे. जावईबापू म्हणतात उजवी बाजू घेऊ, लेक म्हणते काही फरक पडत नाही. दोघांतले कोणाचे ऐकावे?

उत्तर : जहाज व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परत येणार असेल तर लेकीचे, आणि उत्तरेकडच्या सिवर्ड किंवा व्हिटियर बंदरात उतरून पुढे विमानाने परतायचे असेल तर जावयांचे.

कारण असे आहे. व्हँकुव्हरहून उत्तरेकडे जाताना उजव्या हाताला उत्तर अमेरिकेचा मुख्य भूभाग असतो आणि डाव्या हाताला आधी व्हँकुव्हर बेट व पुढे इतर बेटे. सुरुवातीचा पुष्कळसा मार्ग बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यातून जातो, तेथे दोन्ही तीरांवर देवदारासारख्या उंच झाडांचे डोंगर जवळून दिसतात आणि बाजूचा वाद उरत नाही. पुढे अलास्काच्या आखातात जहाज मोकळ्या समुद्रात येते, आणि तेथे एकाच दिशेने जाणाऱ्या जहाजाच्या उजव्या अंगाला हिमाच्छादित पर्वत व डावीकडे नुसते पाणी असते. जावयांचे म्हणणे त्या टप्प्यापुरते पक्के आहे. जाऊन-येऊन प्रवासात मात्र जे जाताना उजवीकडे होते ते येताना डावीकडे येते, आणि जूनमध्ये तेथे रात्री फार उशिरापर्यंत उजेड राहत असल्यामुळे, मुंबई–गोव्यासारखा अर्धा देखावा अंधारात जात नाही.

या प्रवासाचे मुख्य आकर्षण ग्लेशिअर बे हा उपसागर असतो. आपले जहाज तेथे जाणार आहे की नाही हे बाजूच्या आधी विचारावे, कारण तेथील राष्ट्रीय उद्यान दिवसाला केवळ दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना आत सोडते. सन १७९४ मध्ये युरोपीय दर्यावर्दी तेथे पोहोचले तेव्हा हा उपसागर जवळजवळ पूर्णपणे बर्फाने भरलेला होता. त्यानंतर हिमनदी सुमारे १०० किलोमीटर मागे सरली आणि जहाज आता त्या मोकळ्या झालेल्या पाण्यातून शेवटपर्यंत जाते. हिमनदीच्या कड्यासमोर थांबल्यावर कप्तान जहाज जागच्या जागी सावकाश फिरवतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांसमोर तो कडा येतो. देवमासे कोणत्या बाजूला वर येतील याचा तर काहीच नेम नसतो. त्यासाठी वरचा डेकच बरा.

बाल्कनी घेतली तर जाड स्वेटर, कानटोपी आणि मोजे बरोबर ठेवावेत. अर्जुनी मोरगावला जूनमध्ये धानाच्या पऱ्ह्यांची गडबड आणि उकाडा असला, तरी हिमनदीसमोरचा वारा आपल्याकडच्या पौषातल्या पहाटेपेक्षाही बोचरा असतो.

प्रश्न : दिग्रसहून विचारतो. मुलगा सिंगापूरला आहे. तेथून पेनांग, फुकेत अशी जहाजे जातात. त्यात बाजू पाहावी काय?

उत्तर : सिंगापूरहून वायव्येकडे जाताना मलेशियाची भूमी उजव्या हाताला असते आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीत जहाजे आपापल्या उजव्या अंगाने चालत असल्यामुळे ती जाताना जास्त जवळूनही दिसते. परतताना ती डावीकडे आणि थोडी लांब राहते. म्हणून तिकिटाचा दर सारखा असेल तर उजवी घ्यावी. या पट्ट्यात किनाऱ्यापेक्षा एकामागून एक जाणारी मालवाहू जहाजे पाहण्यासारखी असतात, कारण ही सामुद्रधुनी जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक आहे; ती जहाजे कोणत्याही खिडकीतून दिसतात.

प्रश्न : कारंजा लाडच्या आमच्या महिला मंडळाला लक्षद्वीपच्या जहाजाने जायचे आहे. तेथे कोणती बाजू चांगली?

उत्तर : या प्रवासात बाजूसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. जहाज खुल्या समुद्रातून जाते आणि बराच काळ दोन्हीकडे पाण्याखेरीज काही नसते. बेटापाशी पोहोचल्यावरही मोठे जहाज सहसा किनाऱ्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींतून बेटावर नेतात. नांगर टाकलेले जहाज वारा आणि प्रवाह यांप्रमाणे वळत राहत असल्यामुळे सकाळी जे बेट डाव्या खिडकीत होते ते दुपारी उजव्या खिडकीत आलेले असू शकते.

मंडळाने लक्ष द्यावे ते या लहान बोटींकडे. मोठ्या जहाजाच्या दारातून हलत्या बोटीत पाऊल टाकावे लागते. खलाशी हात धरतात, पण गुडघेदुखी असलेल्या भगिनींना ते अवघड जाऊ शकते आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्दही होते. मंडळातील वयस्कर सदस्यांसाठी खोल्या लिफ्टजवळच्या मागाव्यात, आणि लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश-परवाना लागत असल्यामुळे तो काढण्याची जबाबदारी कंपनीची की आपली, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.